ब्रॉडवेची आवडती ओव्हर्चर्स कोणती, आणि नऊ वादकांत असा तुकडा कसा बांधायचा?

सूत्रधार९

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या किंवा लंडनच्या म्युझिकल्सची तुमची आवडती ओव्हर्चर्स कोणती, म्हणजे नाटक सुरू व्हायच्या आधी वाद्यवृंद वाजवतो ते तुकडे? नुसती नावं नकोत. त्यात नेमकं काय ऐकायचं, एका गाण्यातून दुसऱ्यात कसं शिरलंय आणि कोणतं ध्वनिमुद्रण घ्यावं, हेही लिहा.

विचारायचं कारण असं: एका नव्या मराठी संगीतनाटकाला नांदीच्या आधी वाद्यांचा एक तुकडा हवा आहे. गाणी सात. वादक नऊ: व्हायोलिन दोन, चेलो एक, ट्रम्पेट एक, ट्रॉम्बोन एक, क्लॅरिनेट आणि आल्टो सॅक्सोफोन वाजवणारा एकच वादक, कीबोर्ड, बास गिटार आणि ड्रम्स-ऑक्टोपॅड. पहिल्या मसुद्यात सातही गाण्यांची धृपदं एकामागोमाग ठेवली आहेत. लांबी सहा मिनिटं झाली आणि ऐकताना ते वरातीच्या बँडची मेडली वाटतं. किती मिनिटं ठेवावं, किती गाणी घ्यावीत, सांधे कसे जुळवावेत?

पितळी

पहिलं नाव 'जिप्सी'. न्यूयॉर्क, मे १९५९. संगीत ज्यूल स्टाइन, गीतं स्टीफन सॉन्डहाइम, वाद्यवृंदरचना सिड रॅमिन आणि रॉबर्ट गिन्झलर, कंडक्टर मिल्टन रोझेनस्टॉक. मूळ संचाची १९५९ची कोलंबिया कंपनीची ध्वनिमुद्रिका घ्या. नंतरची ध्वनिमुद्रणं स्वच्छ असतील, पण त्या पितळी वाद्यांची धार मला दुसरीकडे सापडलेली नाही.

त्यात काय ऐकायचं ते सांगतो. पितळी वाद्यं सुरुवातीलाच चार सुरांचं एक आवाहन करतात. नाटकात त्याच सुरांवर 'आय हॅड अ ड्रीम' हे शब्द येतात आणि ते एकाच गाण्यापुरते नाहीत. 'सम पीपल', 'एव्हरीथिंग्ज कमिंग अप रोझेस' आणि शेवटचं 'रोझेस टर्न' या तिन्ही ठिकाणी रोझ हेच म्हणते. म्हणजे ओव्हर्चर उघडतं ते नायिकेच्या हट्टावर. प्रेक्षकाला त्या क्षणी हे कळायची गरज नसते. अडीच तासांनी तेच सूर शेवटच्या गाण्यात आले की ते ओळखीचे वाटतात, आणि का वाटतात हे त्याला सांगता येत नाही.

मग मोठं गाणं येतं. पुढे 'स्मॉल वर्ल्ड'ची संथ चाल येते, तंतुवाद्यांवर. ती मुरते न मुरते तोच ड्रमचा ठेका बदलतो आणि ट्रम्पेट बर्लेस्कच्या, म्हणजे कपडे उतरवत नाचायच्या करमणुकीच्या, रंगमंचावरचं वाजवायला लागतो: सूर ओढत, घसरत, वरच्या सप्तकात किंचाळत. रोझची मुलगी पुढे जिथे पोचणार आहे ती जागा तिथे आधीच ऐकू येते. ही जोडणी मुद्दाम खडबडीत ठेवली आहे. हळुवार चालीनंतर गुळगुळीत पूल बांधला असता तर तो धक्का बसला नसता.

तुमच्या मसुद्याची अडचण मला इथेच दिसते. सात धृपदं म्हणजे सात वेळा तीच गोष्ट: चाल सुरू झाली, ओळखली, संपली. 'जिप्सी'त प्रत्येक चाल आधीच्या चालीचं काहीतरी बिघडवते किंवा पुढे नेते. चारच्या वर गाणी घेऊ नका.

काळी_दोन

'जिप्सी' उत्तम आहे, पण रचना म्हणून माझं मत 'कँडीड'ला. लेनर्ड बर्नस्टाइन, डिसेंबर १९५६, मार्टिन बेक थिएटर. नाटकाचे जेमतेम ७३ प्रयोग झाले. ओव्हर्चर मात्र नाटकापासून सुटलं. जानेवारी १९५७ मध्येच न्यूयॉर्क फिलहार्मॉनिकने ते मैफलीत वाजवलं आणि आज ते जगभरच्या वाद्यवृंदांच्या रोजच्या वाजवण्यात आहे. बर्नस्टाइनच्या मृत्यूनंतर हाच वाद्यवृंद ते कंडक्टरशिवाय वाजवू लागला. फेब्रुवारी २००८ मध्ये उत्तर कोरियात प्याँगयाँगला गेले तेव्हाही व्यासपीठावरची कंडक्टरची जागा मोकळी ठेवून त्यांनी ते वाजवलं.

लांबी साडेचार मिनिटांच्या आसपास. पट्टी काळी दोन, म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी षड्ज धरून (पाश्चात्त्य ई-फ्लॅट). त्यात 'द बेस्ट ऑफ ऑल पॉसिबल वर्ल्ड्स' आहे, लढाईचं संगीत आहे, 'ओ, हॅपी वी' हे युगुलगीत आहे आणि शेवटाकडे 'ग्लिटर अँड बी गे'चा हसरा, पळणारा भाग. पण ही मेडली नाही. सुरुवातीचे पितळी तुकडे मधेमधे पुन्हा येतात, एका चालीच्या शेपटावर दुसरीचं तोंड चढतं, आणि अखेरीस पळणाऱ्या चालीचा वेग वाढत वाढत सगळ्यांना ओढून नेतो. संगीतातलं बांधकाम शिकायचं असेल तर स्वरलिपी समोर ठेवून हे ऐका.

वाजवताना दोन जागी घसरतं. पहिली म्हणजे 'ओ, हॅपी वी'ची चाल. ती इतकी सहज वाहते की वादक डोक्यात चार-चार मोजतात. प्रत्यक्षात तिथे बारमधल्या (बार म्हणजे मात्रांचा एक गट) मात्रा बदलत असतात, आणि चारचा हिशेब धरणारा दुसऱ्याच ओळीत बाहेर पडतो. ती जागा आधी टाळ्यांवर मोजून घ्यावी, वाद्य नंतर हातात. दुसरी जागा म्हणजे शेवटची घाई. सुरुवातच कमाल वेगाने केली की शेवटी वाढवायला काही उरत नाही आणि तंतुवाद्यांची धावती बोटं चिखल होतात. खुद्द बर्नस्टाइनचं १९८९चं लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबरचं ध्वनिमुद्रण त्याच्या तरुणपणीच्या मुद्रणापेक्षा संथ आहे. मला तेच जास्त आवडतं. प्रत्येक आतला आवाज कळतो.

पडद्याआड

दोघांनीही बंद पडद्यासमोर वाजणारी ओव्हर्चर्स सांगितली. माझी आवडती सुरुवात आहे ती ओव्हर्चरच नसलेली: 'कॅरोसेल', एप्रिल १९४५, मॅजेस्टिक थिएटर. उशिरा येणाऱ्यांच्या खुर्च्यांच्या आवाजात ओव्हर्चर बुडून जातं, असं संगीतकार रिचर्ड रॉजर्सचं म्हणणं होतं. म्हणून त्याने ते काढूनच टाकलं आणि त्या जागी 'कॅरोसेल वॉल्ट्झ' ठेवलं. पडदा उघडतो, अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरची जत्रा दिसते, फिरणारे लाकडी घोडे, नायक बिली बिगेलो, नायिका ज्युली जॉर्डन. एक शब्द बोलला जात नाही. वॉल्ट्झ संपेपर्यंत दोघांची नजरानजर झालेली असते आणि तिच्यावर घोड्यांच्या मालकिणीचा राग ओढवलेला असतो. म्हणजे पहिला प्रवेशच वाजवून झाला.

वॉल्ट्झची सुरुवात ऐका: कळ फिरवल्यावर जुनं यंत्र कुरकुरत चालू व्हावं तशी, जरा बेसूर वाटणारी. मग ती गती घेते आणि एकामागून एक चाली उलगडतात. दिग्दर्शक निकोलस हायटनरने १९९२ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये याच संगीताखाली आधी कापडगिरणी दाखवली. काम सुटायची वाट बघणाऱ्या मुली, घड्याळात सहा, आणि मग जत्रा. संगीत तेच, पण ज्युली कशातून सुटून तिथे आली आहे ते कळलं.

दुसरं उदाहरण 'द फँटम ऑफ द ऑपेरा', लंडन, ऑक्टोबर १९८६. तिथे ओव्हर्चर सुरुवातीला नाहीच. आधी जुन्या ऑपेरा हाउसमधल्या सामानाच्या लिलावाचा शांत प्रवेश होतो. ६६६ क्रमांकाची वस्तू म्हणून झुंबर पुकारलं जातं, त्यावरचं कापड निघतं आणि ऑर्गन कडाडतो. ओळीने उतरणारे अर्धस्वर, पट्टी पांढरी दोन, तीही मायनर (कोमल गंधाराची). झुंबर प्रेक्षकांच्या डोक्यावरून वर जातं आणि काळ कित्येक वर्षं मागे सरकतो. वाद्यांच्या त्या मिनिटभरात नेपथ्य बदलतं. म्हणजे ओव्हर्चर कामाला लावलेलं आहे.

आणि २००८चं लिंकन सेंटरचं 'साउथ पॅसिफिक'. तीस वादक. ओव्हर्चरच्या मध्यावर रंगमंचाची पुढची जमीन मागे सरकते आणि खालचा सगळा वाद्यवृंद उजेडात दिसतो. १९४९च्या प्रयोगासाठी रॉबर्ट रसेल बेनेटने केलेली वाद्यरचना होती, काही बदललं नव्हतं. लोकांनी वादक पाहूनच टाळ्या वाजवल्या.

सूत्रधार, ही उदाहरणं अशासाठी की तुमच्याकडे तिसऱ्या घंटेनंतर काय दिसणार हे आधी ठरवा. पडदा बंद असेल तर लोक तीन मिनिटं नीट ऐकतात, चौथ्यात बोलायला लागतात. उजेडात वादक दिसत असतील तर पाचपर्यंत जाता येतं.

मात्रा_मोजा

आता आकडे.

ब्रॉडवेवर ओव्हर्चर बहुधा सगळ्यात शेवटी लिहिलं जायचं. नाटक बॉस्टन, फिलाडेल्फिया, न्यू हेवन अशा गावांत आधी लावलं जायचं, तिथे गाणी गळायची, नवी यायची. न्यूयॉर्कचा पडदा उघडायच्या थोडं आधी यादी पक्की झाली की संगीतकाराशी बोलून ऑर्केस्ट्रेटर, म्हणजे वाद्यवृंदरचना करणारा, तो तुकडा जुळवायचा. बेनेटसारख्या माणसाने असे किती जुळवले असतील, त्याच्या नावावर तीनशेच्या आसपास नाटकं आहेत. म्हणून पहिली सूचना: तालमीत गाणी पक्की होईपर्यंत ओव्हर्चर कागदावर उतरवू नका. फक्त कोणत्या चाली उभ्या राहतील ते हेरून ठेवा.

हेरायची कसोटी सोपी. गाण्याचे शब्द काढा आणि चाल एकट्या व्हायोलिनवर वाजवा. एकाच सुरावर शब्दांची फेक असेल, आपल्या साकी-दिंडीत असते तशी, तर ते गाणं शब्दांशिवाय रुक्ष वाटतं. रंगमंचावर ते कितीही टाळ्या घेवो, ओव्हर्चरमध्ये घेऊ नका. उलट ज्या चालीत मोठी उडी आहे, लांब धरलेला सूर आहे, ती घ्या.

नऊ वादकांसाठी एक आराखडा (तीन मात्रांचं गाणं सोडून प्रत्येक बार चार मात्रांचा):

तोंड, ८ बार, मिनिटाला १३२ मात्रा: साधारण १५ सेकंद. इथे ओळखीची चाल नको. लोक अजून बसताहेत, मोबाइल बंद करताहेत. सगळ्यांनी मिळून मोठ्याने, एखाद्या गाण्यातले तीन-चार सूर.

पहिलं गाणं, ३२ बार, तीच लय: ५८ सेकंद.

पूल, ४ बार: ७ सेकंद.

तीन मात्रांचं गाणं, ३२ बार, १६० मात्रा: ३६ सेकंद.

संथ गाणं, १६ बार, ७६ मात्रा: ५० सेकंद.

चढ, ८ बार, लय १००च्या आसपास: १९ सेकंद.

शेवट, १६ बार आणि ४ बारचं शेपूट, १४४ मात्रा: ३३ सेकंद.

एकूण तीन मिनिटं अडतीस सेकंद. यात चारच गाणी आहेत, शेवटाचं चौथं. उरलेली तीन मध्यंतरानंतरच्या तुकड्यात आणि प्रयोग संपल्यावर लोक उठत असताना वाजवा. ब्रॉडवेवर ही तीन कामं वेगवेगळी मानतात.

आता सांधे. तुमच्या मसुद्यात सगळी गाणी गायकांच्या पट्टीत ठेवली असतील असा माझा अंदाज आहे. ओव्हर्चरला ते बंधन नाही. पट्ट्या वाद्यांकडे बघून निवडा आणि शक्यतो एक सूर सगळ्यांत समान राहील अशा निवडा.

पहिलं गाणं काळी पाचमध्ये. त्याचा शुद्ध गंधार म्हणजे पांढरी दोन. गाणं संपताना व्हायोलिनने तो एकच सूर धरून ठेवायचा आणि बाकी सगळ्यांनी थांबायचं. खाली चेलो आणि बास पांढरी पाचवर आले की तोच सूर पंचम होतो, आणि तीन मात्रांचं गाणं पांढरी पाचमध्ये सुरू होतं. ते संपताना पुन्हा तोच सूर धरा. या वेळी त्यालाच षड्ज करा आणि संथ गाणं पांढरी दोनमध्ये घ्या. एकच सूर, आधी गंधार, मग पंचम, मग षड्ज. श्रोत्याला पट्टी बदलल्याचं जाणवतं, धक्का बसत नाही. मूर्च्छना (षड्ज दुसऱ्या सुरावर हलवणं) ऐकलेल्या आपल्या कानाला तर हे फारच गोड लागतं.

शेवटासाठी मात्र धक्का हवा. संथ गाणं पांढरी दोनमध्ये संपलं की चढाच्या आठ बारांतल्या शेवटच्या चारांत बासने काळी पाच धरून ठेवावी. ती काळी दोनचा पंचम आहे. तिथून शेवट काळी दोनमध्ये, म्हणजे अर्धा स्वर वर.

ह्याच पट्ट्या का, तर व्हायोलिन आणि चेलोच्या मोकळ्या तारा पांढरी दोन आणि पांढरी पाचमध्ये घुमतात, म्हणून तंतुवाद्यांची गाणी तिथे. पितळी वाद्यांना काळी पाच आणि काळी दोन सोयीच्या. ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटची स्वरलिपी एक पूर्ण स्वर वर लिहावी लागते, आल्टो सॅक्सची मोठ्या सहाव्या स्वराने वर. म्हणजे काळी दोन ट्रम्पेटवाल्याला पांढरी चार दिसते आणि आल्टोवाल्याला पांढरी एक. दोन्ही सोप्या. पण पांढरी दोन ट्रम्पेटला चार शार्पची (अर्धा स्वर चढवायच्या खुणांची) दिसते, आल्टोला पाच शार्पची. म्हणून संथ गाण्यात त्यांना धावतं काही देऊ नका, लांब सूर द्या. आणि शेवट काळी दोनवरून आणखी अर्धा स्वर चढवायचा मोह टाळा, ट्रम्पेटच्या कागदावर सहा शार्प येतात.

सूत्रधार९

एका सुराचं गंधार-पंचम-षड्ज हे लगेच करून बघतो. तीन अडचणी उरल्यात. ट्रम्पेट पहिल्याच बारला वरचे सूर चुकवतो. ट्रम्पेट-ट्रॉम्बोन लागले की तीन तंतुवाद्यं ऐकूच येत नाहीत. आणि दोन व्हायोलिन एकत्र वाजली की सूर बरोबर असूनही काहीतरी खटकतं.

पितळी

ट्रम्पेटवाल्याचा दोष कमी, लिहिणाऱ्याचा जास्त. एसी सभागृहात वाद्य थंड असतं, आणि थंड सुषिर वाद्य खाली बोलतं. ओठही गरम नसतात. पहिल्या आठ बारांत त्याला मधल्या सप्तकात ठेवा. वरच्या टोकाचा सूर शेवटच्या सोळा बारांत एकदाच द्या आणि त्याआधी निदान आठ बार पूर्ण विश्रांती. 'जिप्सी'तली ती किंचाळीसुद्धा उशिरा येते, वादक तोवर तापलेला असतो. शिवाय तुमच्याकडे ट्रम्पेट एकच आहे, चुकलेला सूर झाकायला शेजारी कोणी नाही.

तिसऱ्या घंटेच्या पाच मिनिटं आधी ट्रम्पेट-ट्रॉम्बोन दोघांनी बंद दाराआड लांब सूर फुंकून घ्यावेत, आणि मग सूर जुळवावेत. जुळवायचं कीबोर्डशी, कारण तो हलत नाही. पण कीबोर्ड ४४०वर आहे की ४४२वर (पांढरी सहाची दर सेकंदाची कंपनं) हे आधी बघा. मागच्या कार्यक्रमात कोणी बदलून ठेवलेलं असतं आणि मग सगळे व्हायोलिनला दोष देतात.

संथ गाण्यात ट्रम्पेटला म्यूट (तोंडात बसवायचं, आवाज दबवणारं बूच) द्या, जागा सुंदर होते. पण म्यूट लावायला आणि काढायला वेळ लागतो. ७६च्या लयीत दोन बार म्हणजे सहा-सात सेकंद, त्याहून कमी देऊ नका. क्लॅरिनेटवरून सॅक्सवर जायला वेगवान लयीत आठ बार सोडा. दुसरं वाद्य बाजूला थंड पडलेलं असतं, त्याचा पहिला सूर उघडा पडू देऊ नका, इतरांच्या आवाजात आत घ्या.

मात्रा_मोजा

दोन व्हायोलिन एकाच ओळीवर म्हणजे सगळ्यात अवघड संख्या. एक असलं तर एकच सूर. मोठा ताफा असला तर बारीक फरक मिसळून जातात. दोनमध्ये ते आपटतात आणि कानाला लहर ऐकू येते. एकतर दुसऱ्याला सप्तक खाली द्या, नाहीतर तिसऱ्या-सहाव्या स्वरावर जोड द्या. एकत्र वाजवायचंच असेल तर मधे क्लॅरिनेट घाला, त्याचा गोल आवाज दोघांना सांधतो.

कीबोर्डवरचा व्हायोलिनचा नकली आवाज खऱ्या व्हायोलिनच्या ओळीवर कधीही चढवू नका. तो हलत नसल्यामुळे खऱ्या वादकाचा प्रत्येक बारीक सरक बेसूर वाटतो. कीबोर्डला मधले स्वरसमूह द्या, पियानोच्या आवाजात, आणि डावा हात बासपासून लांब ठेवा. दोघं खालच्या सप्तकात एकत्र आले की सगळं गढूळ होतं.

तंतुवाद्यं ऐकू येत नाहीत ती मायक्रोफोन नाही म्हणून नव्हे. पितळी वाद्यांनाही चाल दिली असेल म्हणून. चाल एकाच गटाकडे ठेवा. दुसऱ्या गटाने ओळ संपते त्या रिकाम्या मात्रांत उत्तर द्यावं, आपल्याकडे गायकाच्या ओळीनंतर सारंगी भरते तसं. बेनेटची वाद्यरचना नीट ऐकलीत तर हेच सापडेल. एवढा मोठा वाद्यवृंद असून एका वेळी चाल थोड्यांकडेच असते. ऑक्टोपॅडला संथ गाण्यात हात लावू देऊ नका.

रद्द_गाणी

तांत्रिक बाजू छान झाली. मला एक वेगळी गोष्ट जोडायची आहे: ओव्हर्चर कधीकधी नाटकाची हरवलेली बाजू सांभाळतं.

'शो बोट', डिसेंबर १९२७. जेरोम कर्नचं 'मिझरीज कमिन अराउंड' हे गाणं न्यूयॉर्कला येण्याआधीच कापलं गेलं, कारण प्रयोग फार लांबला होता. कर्नला ते इतकं प्रिय होतं की त्याची चाल त्याने ओव्हर्चरमध्ये ठेवली. सुरुवातीचे काळवंडलेले सूर त्याचेच. प्रेक्षक जे गाणं कधी ऐकणारच नव्हते त्याची सावली नाटकाच्या दारातच पडते, आणि 'शो बोट'सारख्या वर्णभेदावरच्या नाटकाला तीच सुरुवात शोभते. कंडक्टर जॉन मॅकग्लिनने १९८८ मध्ये केलेल्या तीन तबकड्यांच्या ध्वनिमुद्रणात ओव्हर्चरही आहे आणि ते गाणंही. दोन्ही पाठोपाठ ऐका.

'मॅक अँड मेबल' (जेरी हर्मन, ऑक्टोबर १९७४) ६६ प्रयोगांत बंद पडलं. आठ वर्षांनी ब्रिटनच्या टॉर्विल आणि डीन या जोडीने बर्फावरच्या नृत्यासाठी त्याचं ओव्हर्चर घेतलं आणि ब्रिटनमध्ये ते घराघरात पोचलं. फिलिप लँगची वाद्यरचना आहे. चकचकीत, न थकणारी. वेगवान ओव्हर्चरमध्ये श्वास घ्यायच्या जागा कुठे सोडायच्या ते त्यात दिसतं.

सॉन्डहाइमचं 'मेरिली वी रोल अलाँग' १९८१ मध्ये फक्त १६ प्रयोग चाललं. जोनाथन ट्यूनिकने बांधलेलं त्याचं ओव्हर्चर मात्र त्या काळात जवळपास एकटं उभं आहे, कारण तोवर ही प्रथा सुटत चालली होती. 'कंपनी' १९७०, 'अ कोरस लाइन' १९७५, कुठेच जुन्या अर्थाचं ओव्हर्चर नाही. 'अ कोरस लाइन' तर अंधारात तालमीच्या पियानोवर सुरू होतं. पुढे वादकांची संख्याही घटली. मार्च २००३ मध्ये ब्रॉडवेच्या वादकांनी चार दिवस संप केला तो याचसाठी. तडजोडीत मोठ्या थिएटरांमधली किमान संख्या १८-१९ वर आली, आधी ती २४-२६ होती.

पडद्याआड

आणि एक नाव राहिलं, सूत्रधारना सगळ्यात उपयोगाचं: 'अ लिटल नाइट म्युझिक', फेब्रुवारी १९७३. तिथे ओव्हर्चर गायलं जातं. पाच गायक येतात, गळे जुळवतात, आणि पुढे येणाऱ्या गाण्यांचे तुकडे एकमेकांत मिसळत जातात. नाटकभर हे पाच जण कथेच्या बाहेर राहून गातात. आपल्या नांदीचं आणि सूत्रधाराचं नातं ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही रचना परकी वाटणार नाही.

तुमच्याकडे वाद्यांचा तुकडा आणि नांदी अशी दोन तोंडं होताहेत. दोन्ही पूर्ण संपली, दोन्हींवर टाळ्या पडल्या, तर नाटक तिसऱ्यांदा सुरू करावं लागतं. म्हणून वाद्यांचा शेवट ठोक स्वरावर बंद करू नका. मात्रा_मोजा यांचं चार बारचं शेपूट काढा. शेवटचा मोठा स्वरसमूह वाजला की सगळ्यांनी सोडावं आणि फक्त चेलोने नांदीचा षड्ज धरावा. पडदा त्या सुरावर उघडावा.

काळी_दोन

त्यासाठी नांदीची पट्टी ओव्हर्चरच्या शेवटाशी नातं सांगणारी हवी. शेवट काळी दोनमध्ये असेल तर नांदी काळी दोन, काळी पाच किंवा काळी चार यांत बसते: षड्ज, पंचम किंवा मध्यम. गायकाला पांढरी एक हवी असेल तर चेलोने आधी पांढरी पाच धरावी. ती काळी दोनचा गंधार आणि पांढरी एकचा पंचम, दोन्हीकडे चालते.

सूत्रधार९

नांदी पांढरी एकमध्येच आहे. म्हणजे चेलो पांढरी पाचवर थांबेल, बास नंतर पांढरी एक देईल, मग पेटी आणि गायक. चेलोने किती वेळ धरायचं?

मात्रा_मोजा

मोजून नको. एका गजात जितकं येईल तितकं, साधारण आठ-दहा सेकंद, गज टोकाला पोचायच्या आत पेटीने शिरायचं. पडदा ओढणाऱ्याला मात्रा कळत नाहीत, त्याला खूण म्हणून चेलोवादकाच्या गजाची सुरुवात दाखवा. पडद्याला उघडायला किती सेकंद लागतात ते आधी मोजा. दहापेक्षा जास्त लागत असतील तर शेवटच्या मोठ्या स्वरसमूहावरच ओढायला लावा.

पितळी

आणि त्या दहा सेकंदांत ट्रम्पेटवाल्याने पाणी काढायची कळ दाबू नये, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. कागदावर लिहून ठेवा.